पोलीस ठाण्याआधीची व्यवस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात या विषयाकडे लोक तीन वाटांनी येतात. राज्यसेवेची तयारी करणारी मुले, झाबुआ-अलीराजपूरकडे पाहणीला निघालेले समाजकार्याचे विद्यार्थी आणि घरातल्या जुन्या ट्रंकेत मोडी कागद सापडलेली मंडळी. प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण तिघांनाही कळून घ्यायचे असते ते एकच: डोक्यावर हाकिम नसताना माणसे एकमेकांना कशी आवरत आली?

राजा नाही, पोलीस नाही, तुरुंग नाही. मग लोक नियम पाळतात तरी का?

कारण नियम मोडणाऱ्याला उद्याही त्याच लोकांत राहायचे असते. पेरणीला बैल, घर शाकारायला चार हात, लेकीच्या लग्नाला वऱ्हाड, मयताला खांदेकरी, हे सगळे शेजाऱ्यांकडूनच यायचे असेल तर शेजाऱ्यांचे मन मोडणे फार महागात पडते.

याच्या जोडीला सामूहिक जबाबदारी असते. गुन्हा एकाने केला तरी भरपाई सगळ्या भावकीला भरावी लागते. त्यामुळे हाताबाहेर चाललेल्या तरुणाला त्याचे काका-आजोबाच आधी चाप लावतात. मध्यस्थ असतो, पण त्याचा शब्द सक्तीचा नसतो. तो धुडकावता येतो, मात्र पुढच्या वेळी आपल्या बाजूने बोलायला कोणी उभे राहत नाही. आणि जिथे साक्षीदार नसतो तिथे शपथ असते.

ही व्यवस्था कुठे तुटते हेही यातूनच कळते. परका माणूस, गाव सोडून जाऊ शकणारा माणूस आणि शेजाऱ्यांची गरजच उरलेली नाही असा धनवान, या तिघांपुढे ती हतबल होते. खालची बरीच उत्तरे शेवटी या तिघांपाशी येऊन थांबतात.

शिकार करून जगणाऱ्या टोळ्यांत निर्णय कोण घेतो?

कोणी एक जण घेत नाही. कलहारी वाळवंटातल्या सान लोकांच्या टोळ्या साधारण २५ ते ५० माणसांच्या असत. शिकारीचे मांस वाटायचा हक्क नेम धरणाऱ्याला मिळत नसे. पहिला लागलेला बाण ज्याच्या मालकीचा, त्याला तो मिळे. बाण सतत उसने दिले-घेतले जात, म्हणून वाटपाचा मान सगळ्यांत फिरत राही, म्हाताऱ्यांपर्यंतही पोचे. मोठी शिकार आणणाऱ्याचे कौतुक करण्याऐवजी ‘एवढ्याशा हाडांसाठी आम्हाला इतक्या लांब बोलावलेस?’ असे हिणवण्याची रीत होती. उत्तम शिकारी डोईजड होऊ नये, एवढ्यासाठीच.

उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांत दोघांचे वैर गाण्यांच्या सामन्याने मिटे. दोघांनी सगळ्यांसमोर एकमेकांची उणी काढणारी गाणी म्हणायची. लोक ज्याच्यावर हसले तो हरला.

याने भागले नाही तर टोळी दुभंगे आणि दोन वाटांनी निघून जाई. हा उपाय सर्वांत जुना, पण त्याला मोकळी जमीन लागते. कोठारात धान्य आणि शेतात पाट आला की उठून जाता येत नाही. तंटा जागेवरच मिटवावा लागतो, आणि पंच, सभा, नोंदी यांची गरज तिथून सुरू होते.

टोळी, जमात, सरदारकी, राज्य हा क्रम परीक्षेत लिहावा का?

लिहावा, पण ओळखीच्या खुणा म्हणून. प्रत्येक समाज या पायऱ्या एकामागून एक चढतोच असे लिहू नये. सरदारकी मोडून लोक पुन्हा जमातीसारखे राहू लागल्याची उदाहरणे आहेत, आणि मोठ्या राज्याच्या पोटात जमातीची व्यवस्था शतकानुशतके टिकल्याचीही. आपला झाबुआच पाहा.

खुनाच्या बदल्यात गुरे किंवा पैसे घेणे म्हणजे जिवाची किंमत करणे नाही का?

असे वाटणे साहजिक आहे. पण त्या समाजांपुढे भरपाई की फाशी असा पर्याय नव्हता. पर्याय होता भरपाई की पिढ्यान्‌पिढ्यांचे सूडसत्र.

दक्षिण सुदानमधील नुएर लोकांची पद्धत नीट नोंदलेली आहे. खून झाला की मारेकरी धावत बिबळ्याचे कातडे पांघरणाऱ्या पुरोहिताच्या घरी जातो. तिथे असेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. पुरोहित त्याच्या दंडावर चीर देऊन रक्त काढतो. त्याआधी मारेकऱ्याने खायचे-प्यायचे नसते. मग पुरोहित दोन्ही घरांत खेपा घालतो. साधारण ४० ते ५० गुरांवर सौदा ठरतो आणि ती गुरे हप्त्याहप्त्याने जातात. या पुरोहिताकडे शिपाई नाही, हुकूम नाही. मृताच्या घरचे आधी ठाम नकार देतात, कारण लगेच होकार देणे म्हणजे मेलेल्याचा अपमान. पुरोहित शाप देण्याची धमकी देतो, तेव्हा ते ‘तुमच्या शब्दाखातर’ म्हणून कबूल होतात. माघार घ्यायला मानाचे निमित्त मिळवून देणे हेच त्याचे खरे काम.

सोमालींमध्ये पुरुषाच्या जिवाची भरपाई १०० उंट आणि बाईची ५०. ती भरणारा नातलगांचा गट आधीपासून ठरलेला असतो. बाई निम्म्या मोलाची, ही गोष्ट डोळ्यांआड करू नये. समाजाची उतरंड भरपाईच्या दरातच सर्वांत स्पष्ट वाचता येते.

आपल्या बाजूला, दक्षिण राजस्थानातल्या भिल्ल-गरासियांत याला मौताणा म्हणतात. भरपाई मिळेना तर मृताकडचे लोक आरोपीच्या वस्तीवर चाल करून जातात, त्याला चढोतरा म्हणतात. हल्ली हे बिघडते ते रोख पैशामुळे. गुरे होती तेव्हा रकमेला आपोआप मर्यादा होती, कारण कुळाकडे असतील तेवढीच गुरे देता येत. रोखीत आकडा कितीही फुगवता येतो, आणि गुन्ह्याशी संबंध नसलेली कुटुंबे कर्जात बुडतात किंवा घरदार टाकून पळतात.

नेताच डोईजड झाला तर त्याला आवरायची काही सोय होती का?

होती, आणि ती पुष्कळ ठिकाणी लिखित राज्यघटनांच्या फार आधीची आहे. उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय संघात ५० सरदार असत. सरदार पुरुष असे, पण त्याला निवडायचा आणि काढायचा अधिकार कुळाच्या ज्येष्ठ स्त्रियांकडे होता. समज देऊनही तो सुधारला नाही तर त्या त्याची सरदारकी काढून घेत. इथिओपियातल्या बोराना ओरोमोंच्या गदा पद्धतीत सत्ता दर ८ वर्षांनी एका वयोगटाकडून पुढच्या गटाकडे जाते, मागणी करावी लागत नाही.

माळव्यात खरेच गणराज्य होते का?

‘माळवा’ हे नाव ज्या मालवांवरून पडले त्यांचे गण होते, हे नक्की. मालव आधी पंजाबात होते. पुढे ते राजस्थानात सरकले, आणि आपल्या पठाराला त्यांचे नाव मिळाले ते त्यानंतर बऱ्याच काळाने. राजस्थानच्या टोंक जिल्ह्यातल्या नगर इथे त्यांची अगदी चिमुकली नाणी मोठ्या संख्येने सापडली. त्यांवर ‘मालवानां जयः’ असे आहे, म्हणजे जय राजाचा नव्हे, मालवांचा. मंदसोरच्या शिलालेखात काळ सांगताना मालवगणाची गणना वापरली आहे. आज ज्याला आपण विक्रम संवत म्हणतो, तोच हा.

पण ‘गण’ शब्दाने हुरळून जाऊ नये. मत असे ते सत्ताधारी क्षत्रिय कुळांच्या प्रमुखांना. शेतात राबणारे दास, कारागीर आणि बायका त्यात नव्हत्या.

सभेचे नियम मात्र थक्क करतात. बौद्ध संघाने आपली कामकाजाची पद्धत बरीचशी गणांकडून घेतली असे मानले जाते, आणि ती विनयग्रंथांत तपशिलाने आली आहे. ठरलेली संख्या भरल्याशिवाय सभा वैध नाही. प्रस्ताव आधी ऐकवायचा, मग मान्यता विचारायची. गप्प राहणे म्हणजे संमती. मतभेद असल्यास शलाका, म्हणजे रंगीत काड्या, वाटून मोजायच्या. त्याच्याही तीन तऱ्हा: गुप्त, उघड आणि कानात सांगून.

ग्रामसभेतल्या निवडणुकीचा सर्वांत जुना तपशीलवार पुरावा कोणता?

तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरचे शिलालेख, पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, इ.स. ९२० च्या आसपासचे. हे गाव ब्राह्मणांना दिलेले अग्रहार होते, म्हणून यातले नियम सगळ्या गावांना लागू करू नयेत. पद्धत अशी:

गावाचे ३० वाडे, म्हणजे प्रभाग. प्रत्येक वाड्यातून पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहायची. वय ३५ ते ७०, किमान पाव वेली (जमिनीचे तिथले माप) सारा भरणारी जमीन, स्वतःच्या जागेवर घर आणि वेदाचे ज्ञान, या अटी. गेल्या तीन वर्षांत समितीवर असलेला चालत नाही. पूर्वी समितीवर असून हिशेब न दिलेला तर चालत नाहीच, त्याचे जवळचे नातेवाईकही बाद.

वाड्यावाड्याचे तुकडे वेगळे बांधून सगळे पुडके एका घड्यात टाकतात. सभेत सर्वांत वृद्ध पुजारी घडा उचलून सर्वांना दाखवतो. आत काय आहे हे न जाणणारा लहान मुलगा एक पुडके काढतो. ते सोडून दुसऱ्या घड्यात हलवतात आणि पुन्हा त्याच मुलाकडून एक तुकडा काढवतात. मध्यस्थ तो पाचही बोटे पसरलेल्या तळहातावर घेतो, म्हणजे बोटांच्या फटीत दुसरा तुकडा लपवायला जागा नाही. नाव तो मोठ्याने वाचतो, मग पुजारीही वाचून दाखवतात. अशा ३० जणांतून १२ वार्षिक समितीवर, १२ बागांच्या समितीवर आणि ६ तलावाच्या समितीवर. मुदत ३६० दिवस.

प्रत्येक नियमामागे कोणीतरी केलेली लबाडी उभी आहे. पसरलेली बोटे आणि हिशेबबुडव्याचे नातेवाईक या अटी कोरड्या तर्कातून आलेल्या नाहीत, त्या पोळल्यावर सुचलेल्या आहेत.

व्यापारी आणि कारागीर आपले तंटे कुठे सोडवत?

श्रेणीत, म्हणजे एका धंद्यातल्या लोकांच्या संघटनेत. धंद्याची श्रेणी आपले नियम करी, सभासदांना दंड करी आणि ठेवी सांभाळी. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने ठेवलेल्या ठेवीची नोंद आहे: एका विणकर श्रेणीकडे २००० कार्षापण (तेव्हाची नाणी), महिना शेकडा १ दराने, दुसरीकडे १०००, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधी काढायचे नाही, व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणांचा वस्त्रखर्च. हिशेब करून पाहा: २००० वर वर्षाचे व्याज २४०, म्हणजे वीस गुणिले बारा. श्रेणी पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी खात्री असल्याशिवाय कोणी अशी ठेव ठेवत नाही.

मंदसोरच्या रेशीम विणकरांची श्रेणी लाटदेशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, दशपुरास, म्हणजे आजच्या मंदसोरास, आली. तिने मालव संवत ४९३ मध्ये (इ.स. ४३६-३७) सूर्यमंदिर बांधले आणि ५२९ मध्ये त्याची दुरुस्ती केली. सगळी बिरादरी गाव बदलूनही एक राहिली.

होळकरांच्या इंदुरात व्यापाऱ्यांच्या ‘ग्यारा पंचां’कडे देण्याघेण्याचे आणि दिवाळ्याचे तंटे जात. एक गल्लत मात्र टाळा: इतिहासात ‘इंदूर ताम्रपट’ म्हणून जो स्कंदगुप्तकालीन तेली श्रेणीचा लेख येतो, तो उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातल्या इंदोरचा आहे. आपल्या शहराशी त्याचा संबंध नाही.

मराठी गावात गोतसभेपुढे खटला कसा चाले?

गोतसभा म्हणजे भावकी, पाटील आणि बलुतेदार यांची निवाड्याला बसलेली सभा. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून पायऱ्या सविस्तर देत आहोत.

वादी आधी पाटलाकडे किंवा देशमुखाकडे फिर्याद नेई. मग दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. इथे राजीनामा म्हणजे पद सोडणे नव्हे. ‘सभा देईल तो निवाडा आम्ही राजी होऊन मानू’ असा कबुलीचा कागद. त्यानंतर जामीन. निवाडा मानेन, पळून जाणार नाही, याबद्दल दुसऱ्या कोणीतरी हमी द्यायची. सगळी इमारत या दोन कागदांवर उभी असे. सभेकडे शिपाई नव्हते, पण जामिनाची अब्रू आणि मालमत्ता गहाण पडलेली असे.

मग प्रत्येक जण आपली तकरीर किंवा करीना देई: वतन कोणाकडून आले, किती पिढ्या चालले, कधी खंड पडला. जुने कागद दाखवले जात. साक्षीदारांना देवळात, बेल-भंडारा उचलून किंवा नदीच्या पात्रात उभे करून विचारत. आसपासच्या गावांचे पाटील आणि बलुतेदारही साक्षीला येत, कारण शीव कोणती आणि मान कोणाचा हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असे.

निवाडा झाला की हरलेल्याने येजितखत लिहून द्यायचे: ‘मी खोटा झालो, पुढे या वतनाशी मला संबंध नाही.’ जिंकलेला सरकारात हरकी (जिंकल्याच्या आनंदाची रक्कम) भरे, हरलेला गुन्हेगारी, म्हणजे दंड. सभेला हजर असलेल्यांची नावे घालून महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, तयार होई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी आणि इतर जण आपापल्या धंद्याच्या अवजाराची.

हरलेल्याला समाधान नसेल तर तो ‘थळ’ मागू शके, म्हणजे आपल्या भावकीच्या दबावाबाहेर, दुसऱ्या गावच्या गोताकडे खटला नेणे.

बिघडे कुठे? एकतर विलंब. सभा भरवायला सगळे हवेत, आणि एक जण मुद्दाम आला नाही की काम अडे. दुसरे म्हणजे हरकी-गुन्हेगारी. दोन्ही बाजूंकडून सरकारात पैसा येत असल्याने दिवाणाला खटला पुन्हा उकरण्याचा मोह होई, म्हणून एकाच वतनाचे निवाडे पुन्हा पुन्हा झालेले दिसतात.

दिव्य म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा का?

दिव्य म्हणजे खरे-खोटे ठरवायला घेतलेली अंगावरची कसोटी. तिने सत्य कळत नाही, याबद्दल शंका नको. पण ते कधी वापरत हे पाहावे: कागद नाही, साक्ष नाही, दोघेही हटत नाहीत, तेव्हा. रवा दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा असे. त्याआधी हात धुऊन, नखे काढून, असलेले व्रण लिहून ठेवत. नंतर हाताला पिशवी बांधून मोहोर करत आणि तिसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष उघडत. कढईपाशी येण्याआधीच बरेच तंटे मिटत. खोट्याचा धीर सुटे, हाच खरा उपयोग. खऱ्या माणसाचाही धीर सुटू शकतो, आणि तिथे अन्याय होई. हिमाचलातल्या मलाणा गावात हाच भार बकऱ्यांवर टाकत: दोन्ही पक्षांच्या बकऱ्याच्या मांडीत चीर देऊन विष भरायचे, ज्याचा आधी मेला तो हरला.

चोर सापडला नाही तर नुकसान कोण भरी?

माग जिथे संपतो ते गाव. याज्ञवल्क्य स्मृतीतही हाच नियम आहे, आणि मराठी मुलखात तो एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला. चोरीच्या जागेवरचा पावलाचा ठसा झाकून ठेवायचा, काडीने लांबी-रुंदी मापायची आणि महार किंवा रामोशी जागल्याने माग काढत शिवेपर्यंत जायचे. शिवेवर पुढच्या गावच्या जागल्याला बोलावून माग त्याच्या हवाली करायचा. त्याने तो आपल्या हद्दीतून बाहेर गेल्याचे दाखवले तर सुटला. नाहीतर त्या गावाने भरून द्यायचे. पाऊस, गुरांचा कळप आणि खडकाळ जमीन हे या पद्धतीचे शत्रू.

आपल्याकडे याचेच मोठे रूप अहिल्याबाईंच्या काळात (१७६७ ते १७९५) दिसते. डोंगरातल्या भिल्लांचा वाटसरूंच्या मालावर थोडा कर घ्यायचा जुना हक्क, भिलकवडी, त्यांनी मान्य केला आणि बदल्यात त्या हद्दीतल्या वाटेची राखण व चोरीचा माल परत मिळवून देणे भिल्लांवर सोपवले. लुटणाऱ्यालाच राखणदार करण्याची ही युक्ती स्वस्त होती आणि भिल्लांचा मान राखणारीही.

झाबुआ-अलीराजपूरच्या भिल्ल गावात कोणाचे काय काम असते?

गाव म्हणजे दाटीची वस्ती नव्हे. शेतांमध्ये विखुरलेली घरे, त्यांचे फळिये (छोट्या वस्त्या), आणि मिळून एक गाव. तडवी किंवा पटेल गावाचा प्रमुख, पद बहुधा वारशाने. पुजारा गावदेवांची पूजा आणि सणांचे दिवस ठरवतो. बडवा आजार आणि बाधा पाहतो. कोटवार निरोप देतो. तंटा मिटवणारे ते भांजगडिये. हे पद नाही, ज्याच्या बोलण्याला वजन तो भांजगडिया.

भांजगडीला दोन्ही बाजू एकमेकांपासून लांब, वेगवेगळ्या झाडांखाली बसतात. भांजगडिये मधे ये-जा करून आकडा खाली-वर आणतात. समोरासमोर बसवले की हात उठतात, म्हणून हे अंतर. पोरगी पळून गेली तर दापा (वधूमूल्य), दुसऱ्याची बायको गेली तर आधीच्या नवऱ्याला झगडा नावाची भरपाई, मारामारीत औषधपाण्याचा खर्च, असे विषय असतात. रक्कम ठरली की काही भाग जागेवर आणि उरलेला मुदतीने. मग एकत्र दारू पिणे, कधी बकरा. एकत्र प्याले म्हणजे तंटा तुटला. त्यानंतर तो उकरणारा सगळ्यांचा दोषी.

व्यवस्थेची दुसरी बाजू मदतीची. एखाद्याचे काम एकट्याने उरकेना की तो हलमा बोलावतो आणि गाव बिनमजुरीने येते. लग्नखर्चासाठी नोतरा: आलेल्याने दिलेली रक्कम वहीत लिहायची आणि त्याच्या घरच्या नोतऱ्याला वाढवून परत करायची. ज्याने भांजगड धुडकावली त्याच्या नोतऱ्याला कोण येणार? दंड वसूल होतो तो असा.

बिघाड दोन ठिकाणी. भांजगडिये रकमेतला वाटा मागू लागले की आकडा उतरवण्यात त्यांना रस उरत नाही. आणि बाईला डाकण ठरवण्याच्या प्रकरणांत गावाची एकी बाईच्या जिवावर उठते. अनेकदा मागे विधवेच्या जमिनीचा वाद असतो. असे काही कानावर आले तर अभ्यासाची वही बंद करून आधी पोलिसांना कळवा.

या पंचायतींना कायद्याने मान्यता आहे का?

मर्यादित आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला परंपरा आणि तंटे मिटवण्याच्या रूढ पद्धती जपण्याचा अधिकार दिला. मध्य प्रदेशाचे नियम १५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाले. त्यांत ग्रामसभेच्या शांतता व विवाद निवारण समितीची तरतूद आहे. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी हे जिल्हे पूर्ण, तर धार-खरगोनचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. खून, बलात्कार यांसारखे गुन्हे मात्र आपसात मिटत नाहीत. कोणते गुन्हे तडजोडीने मिटू शकतात याची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. गावाने मिटवले तरी यादीबाहेरचा खटला चालूच राहतो.

मग जातपंचायतीने वाळीत टाकणे हीसुद्धा परंपरा म्हणून मान्य करायची का?

नाही. वाळीत टाकणे हे या व्यवस्थेचे सर्वांत धारदार हत्यार, कारण एकमेकांच्या गरजेवरच ती चालते आणि हे हत्यार नेमकी तीच तोडते. पण तंटा मिटवणे वेगळे आणि सज्ञान मुलामुलीच्या लग्नावर कुटुंबाचे पाणी तोडणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सज्ञानांच्या लग्नात खाप किंवा कोणत्याही जमावाने आडवे येणे बेकायदा ठरवले. महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यात (२०१६, अंमल जुलै २०१७ पासून) ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तो कायदा महाराष्ट्रापुरता आहे, हे इंदुरातल्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

जुनी गावकी आजच्यापेक्षा बरी होती, असे म्हणता येईल?

कोणासाठी, हे विचारल्याशिवाय म्हणता येणार नाही. ‘पाचामुखी परमेश्वर’ खरे, पण ती पाच मुखे कोणाची? शीव दाखवायला, माग काढायला, सारा पोचवायला महार लागे. त्याच्या शब्दावर दोन गावांची हद्द ठरे. आणि तोच माणूस गावकुसाबाहेर राही, चावडीच्या ओट्यावर बसू शकत नसे. बलुत्यात पेंढ्या मिळत, तशी वेठही वाट्याला येई. महाराष्ट्रात महार वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या कायद्यानंतर, आणि मुलकी पाटीलकी १९६२ मध्ये. बायकांविषयीचे बहुतेक निवाडे बायकांच्या गैरहजेरीत झाले आहेत. या व्यवस्थेची हुशारी आम्हाला मनापासून मोलाची वाटते, आणि म्हणूनच तिने कोणाला बाहेर ठेवले ते लिहिणे आम्ही टाळत नाही.

घरात मोडी महजर सापडला आहे. काय करावे?

घडी जोराने उलगडू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. सावलीत, सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागच्या बाजूला बहुतेक वेळा शेरा किंवा शिक्का असतो. मग आधी काळ काढा. शके असेल तर ७८ मिळवा (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९). शुहूर सन अरबी शब्दांत असतो आणि मृगापासून बदलतो: जून ते डिसेंबर ५९९, पुढे ६०० मिळवा. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार, एकूण ११७१, म्हणून १७७०-७१. फसली सन असेल तर सावध राहा. दख्खनच्या आणि उत्तरेच्या फसलीत सुमारे दोन वर्षांचा फरक आहे, आणि माळव्यातल्या कागदांत हा घोटाळा नेहमी होतो.

काळ मिळाला की हजर असलेल्यांची यादी, दोन पक्ष, करीना, निवाडा आणि निशाण्या या क्रमाने वाचा. करीना हे एका पक्षाचे म्हणणे असते. तेच इतिहास म्हणून घराण्याच्या वृत्तांतात उतरवणे ही सर्वांत नेहमीची चूक.

झाबुआला पाहणीला जातो आहोत. कशी सुरुवात करावी?

इंदुरातून सुमारे दीडशे किलोमीटर. पहिल्या दिवशी प्रश्नावली काढू नका. तडवीला आणि सरपंचाला, दोघांनाही भेटा; ती बहुधा वेगवेगळी माणसे असतात आणि एकाला टाळले तर दुसऱ्याचे माणूस ठरता. मग नातेसंबंधांचा तक्ता काढा: पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर रेषा, संततीला उभी रेषा. तीन पिढ्या पुरेत. तंट्यात कोण कोणाच्या बाजूला बसतो हे या तक्त्याशिवाय कळत नाही.

‘तुमच्यात चोरीला काय शिक्षा?’ असे विचारू नका. उत्तर पुस्तकी येईल. ‘मागच्या वेळी बकरी गेली तेव्हा काय झाले?’ असे विचारा. कोण आले, कोण आले नाही, किती ठरले, किती दिले, उरलेले कधी. तोच तंटा दुसऱ्या बाजूकडूनही ऐका, आणि बायकांकडून वेगळा ऐका, शक्यतो गटातल्या मुलींनी. चालू असलेल्या तंट्याचे ध्वनिमुद्रण करू नका. ते उद्या न्यायालयात पुरावा म्हणून मागितले जाऊ शकते. वहीत खरी नावे न लिहिता खुणा वापरा.

भगोरियात भांजगड पाहायला मिळेल का?

त्या आशेने जाऊ नका. होळीआधीच्या आठवड्यातले ते हाट आहेत. लोक खरेदीला, नाचायला आणि मांदळ वाजवायला आलेले असतात. होळीनंतर पाऊस पडेपर्यंत शेतीची कामे कमी आणि लग्ने जास्त असतात. तेव्हा एखाद्या नोतऱ्याला बोलावणे आले तर जरूर जा, आणि वहीत तुमच्याही नावापुढे काहीतरी लिहिले जाईल याची तयारी ठेवा.